आत्याबाईंनी फोनला विचारलेलं

शोधायच्या त्या पांढऱ्या चौकटीवर मी नुसतं बोट टेकवलं, आणि खाली कुणाचे तरी प्रश्न ओळीनं उलगडले. 'गुडघ्याला एरंडेल किती दिवस चोळावं.' 'मांजर दारात येऊन रडतं ते चांगलं का वाईट.' 'मोड आलेला बटाटा खाल्ला तर काय होतंय गं.'

दुपारची वेळ होती. माझा तीन वर्षांचा ओजस मांडीवर पेंगत होता आणि मला मिरजेहून पुण्याला जाणाऱ्या पहाटेच्या गाडीची वेळ बघायची होती. ती राहिली बाजूला. हे प्रश्न मी विचारलेले नव्हते. माझे गुडघे ठणठणीत होते, आणि मांजर रडलं तर मी त्याला हाकलते, त्याचा अर्थ लावत बसत नाही.

आधी वाटलं, सुहासचे उद्योग असणार. सुहास म्हणजे माझा नवरा, गावातल्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवतो. पण त्याला एरंडेलाशी काय देणंघेणं? आणि फोनला 'काय होतंय गं' असं लाडानं विचारणारं माणूस आमच्या घरात एकच होतं. माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामा, मग नात्यातलं लग्न असो नाहीतर माझ्यासारखं वधूवर मंडळातून जमलेलं.

कुरुंदवाडात आमचं भांड्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. आत्याबाईंना त्या दिवाळीत सुहासनं फोन घेऊन दिला होता. घ्यायला मीच बरोबर गेले होते, सागर पाखरेच्या मोबाईल शॉपीत. सागरनं फोन सुरू केला, बोटं भराभरा चालवली आणि मधेच थांबून म्हणाला, काकूंचा ईमेल सांगा. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. सागर म्हणाला, "वहिनी, तुमचंच टाकू का? घरचंच आहे की." मी म्हटलं टाक. एकाच घरात दोन ईमेल कशाला, असा त्या वेळी आम्हा तिघांचाही हिशेब होता. मग त्यानं आत्याबाईंना माईकची खूण दाखवली आणि सांगितलं, काकू, इथं दाबायचं आणि मनात येईल ते विचारायचं.

त्यांनी ते मनावर घेतलं. दुपारी मामा दुकानात असायचे तेव्हा त्या मधल्या खोलीचं दार लोटून घ्यायच्या आणि आतून हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटल्याचं ऐकू यायचं. आम्हाला वाटे, स्तोत्र म्हणतायत.

तर हे कोडं उलगडल्यावर मला हसूच आलं. त्या दिवसापासून मला छंदच लागला. ओजस झोपला की मी चौकट उघडायची आणि आत्याबाईंनी आज काय विचारलं ते बघायचं. ज्या बाईच्या तोंडून दिवसभरात 'वाढू का' आणि 'दार लाव' यापलीकडे फारसं काही निघत नसे, तिच्या पोटात किती प्रश्न होते! समुद्राचं पाणी खारट का. विमानात बाथरूम असतंय का. आपल्या आधी नवरा गेलेला बरा का मागनं. तो शेवटचा वाचून मी फोन पालथा घातला होता.

माझं हसू आठवडाभर टिकलं.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. केलेली. लग्नानंतर चार-पाच वर्षं मी स्टीलचे डबे आकारानं लावले, लग्नसराईत तांब्यांवर नावं कोरून घेतली, आणि त्यात मला कुणी दुःख दिलं असंही नाही. पण माझी मैत्रीण शबाना मुल्ला पुण्याजवळ तळेगावला ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत होती. म्हणजे रोपाचा इवलासा तुकडा घ्यायचा, काचेच्या बाटलीत खळीसारख्या पदार्थावर ठेवायचा आणि त्यातून नवी रोपं वाढवायची. केळी, जरबेरा, असलं सगळं. तिथं एक जागा निघाली. शबानानं मला अर्ज भरायला लावला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं, पुढच्या महिन्यातल्या एका गुरुवारचं.

घरी हा विषय मी त्याआधी एकदा काढून बघितला होता. मामा वाईट माणूस नव्हते. ते कधी नाही म्हणत नसत. ते 'बघू' म्हणत, आणि त्यांच्या बघूला पुढची तारीख नसे. सुहासनंही वडिलांचा तेवढा एक गुण नेमका उचलला होता. योग्य वेळ बघून बाबांच्या कानावर घालतो, असं तो मला सांगे, आणि योग्य वेळ काही केल्या येत नसे. त्या संध्याकाळी मामांनी बघू म्हटलं तेव्हा आत्याबाई समोरच कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मला त्यांचाच जास्त राग आला. बाईच्या जातीनं बाईसाठी एक शब्द बोलू नये? रागाच्या भरात खोलीत येऊन मी चौकटीत जे टाइप केलं ते असं होतं: 'सासूला तोंड नसतं का'. यंत्रानं मला दातांच्या दवाखान्यांचे पत्ते दिले.

मुलाखतीचं बोलावणं आल्यावर तर मी घरात कुणालाच काही न विचारता त्या चौकटीलाच विचारत सुटले होते. मुलाखतीत काय विचारतात. तळेगावात बायकांना राहायला खोली मिळते का. तीन वर्षांचं मूल आईशिवाय राहू शकतं का. सासरे हो म्हणत नसतील तर काय करावं.

आणि मग एका दुपारी आत्याबाईंच्या गुडघ्याच्या आणि बटाट्याच्या प्रश्नांच्या वर हे दिसलं: 'सून पुण्याला नोकरीला जाणार घरी कधी सांगणार.'

त्याच्या खाली: 'सून गेली तर नातू कुणाजवळ राहतो.'

तोवर माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं की त्यांचं जर मला दिसतंय तर माझंही त्यांना दिसत असणार. सगळं. गाडीची वेळ, खोली, सासरे. आणि ते तोंडाचं. मी उठून बाहेर आले. स्वयंपाकघरात आत्याबाई चहा टाकत होत्या. त्यांनी मला कप दिला, बिस्किटाचा डबा पुढे सरकवला, रोजच्यासारखाच. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी आणखी एक भर पडली. 'तीन वर्षांचं पोर आजीजवळ राहतंय.' हा प्रश्नसुद्धा नव्हता. मला तो निकाल वाटला. माझ्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं: मी तळेगावला, पोरगं इथं अडकवून ठेवलेलं, आणि मामांच्या कानावर सगळं गेलेलं. आपलं अजून काही ठरलं नाही, आणि ही बाई माझं मूल वाटून मोकळी झाली, असं वाटून मी धुमसले.

गच्चीवर कपडे वाळत घालताना मी शबानाला फोन लावला. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "अगं, दोन्ही फोनांना एकच खातं आहे. एकच पाटी, दोघी लिहिताय आणि दोघी वाचताय."

मी म्हटलं, मग त्यांच्या फोनमधून माझं खातं काढून टाकू का? ती म्हणाली काढता येईल, पण त्याबरोबर ओजसचे फोटो, नंबर, सगळं हलेल आणि त्या विचारतील काय केलंस. त्यापेक्षा तू तुझी शोधायची जागाच बदल. मग तिनं मला ते सांगितलं. काही शोधयंत्रं अशी असतात म्हणे की ती कुणाचं काही लक्षात ठेवत नाहीत. तुम्ही कोण, काल काय विचारलंत, काही नाही. विचारा, उत्तर घ्या आणि चालू लागा. तुमच्या मागं मागं येत नाहीत, आणि यादी तर ठेवतच नाहीत.

मी ते तिथंच, ओल्या हातानं फोनमध्ये घालून घेतलं. चौकट तशीच होती, पांढरी. बोट टेकवलं तर खाली काही म्हणजे काही उघडलं नाही. खरं सांगते, मला इतकं मोकळं माहेरच्या अंगणातसुद्धा वाटलं नव्हतं. सहा माणसांच्या घरात वाढलेली, चार माणसांच्या घरात आलेली बाई मी. कडी लावायची खोली मला आयुष्यात पहिल्यांदा त्या चौकटीत मिळाली. मराठीत विचारलं तर ते कधीकधी भलतंच काहीतरी समोर आणून टाकी, पण निदान ते माझ्यापाशीच राही. माझं सगळं विचारणं मी तिकडे हलवलं. गाडी, खोली, सासरे, सगळं. जुन्या चौकटीत मी फक्त डोकावायची, आत्याबाईंचं काय चाललंय ते बघायला. चोरानं लपून पोलिसांवर नजर ठेवावी तसलाच प्रकार होता तो.

दोन-तीन दिवस गुडघा, उपवासाचे घावन, परत गुडघा. मग आलं: 'फोनात आधी दिसायचं ते दिसत नाही.' मग: 'फोन कोरा पडला काय करावं.' मी मनात म्हटलं, बसा शोधत.

मुलाखत जवळ येत चालली. मी अजून कुणाला काही बोलले नव्हते. ठरवलं होतं की शबानाच्या बाळाचं बारसं आहे म्हणून सांगून जायचं. शबानाचं अजून लग्नही झालेलं नव्हतं, पण आमच्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं.

मंगळवारी मी रिचार्ज करायला सागरच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "वहिनी, काकूंना काय झालंय? दोनदा येऊन गेल्या. म्हणतात फोन बिघडलाय, त्यात येणारं येईना. मी सगळं तपासलं, काहीच बिघाड नाही. काय यायचं बंद झालं म्हटलं तर सांगत नाहीत." मी म्हटलं बघते. उन्हात, दुखऱ्या गुडघ्यानं ही बाई बाजारपेठ ओलांडून दोनदा जाऊन आली, ती माझ्यावर नजर ठेवता येत नाही म्हणून? एवढी का मी त्यांच्या डोळ्यांत खुपत होते?

घरी आले तर आत्याबाई माळ्यावर होत्या. लग्नसराई तोंडावर आली की वरच्या माळ्यावरची पितळी भांडी काढून चिंचेनं घासायची, हे काम त्यांचं आणि माझं. मी पदर खोचून समोर बसले. घागर घेतली. हात आत घालून घासायला लागले.

मग त्या म्हणाल्या, "माझा फोन बिघडलाय."

"सागर म्हणाला. काय होतंय त्याला?"

"तुझं काही येईना त्यात."

माझा हात घागरीच्या आतच राहिला.

"आधी यायचं की," त्या खाली बघूनच बोलत होत्या. "गाडी किती वाजता. ते बाटलीतलं रोप. राहायची खोली. आता किती दिवस झाले, कोराच. मला वाटलं फोन गेला. सागर म्हणतो फोनला काही झालं नाही. मग मला वाटलं, तू जायचं सोडलंस." एवढं बोलून त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "सोडलंस होय गं?"

मी विचारलं ते भलतंच. "तुम्ही सगळं वाचत होता?"

"मग? तू पाठवायचीस म्हटल्यावर वाचायला नको?"

"मी पाठवत होते?"

"माझ्या फोनात यायचं म्हणजे मलाच पाठवायचीस की. मी म्हटलं, पोरीला मामांसमोर बोलता येत नाही, माझ्याशी पण तोंडानं बोलायचा धीर होत नाही, म्हणून फोनातनं सांगते. मी पण पाठवत होते. तुला मिळालं नाही का?" त्या जरा रुसल्यासारख्या झाल्या. "घरी कधी सांगणार म्हणून विचारलं. तू उत्तर दिलं नाहीस. नातू कुणाजवळ राहणार विचारलं, त्याचं पण नाही. तू विचारलं होतंस, पोर आईशिवाय राहील का. मी लगेच कळवलं, आजीजवळ राहतंय म्हणून. तेवढ्यावर तू गप्पच झालीस."

मी चिंचेचे हात तसेच मांडीवर ठेवून बसले. जे मी निकाल म्हणून वाचलं होतं ते उत्तर होतं. जी मला पहारेकरीण वाटत होती ती रोज दुपारी दार लोटून माझी वाट बघत बसत होती. आणि मी गच्चीवर जाऊन कडी लावून घेतली होती.

"आणि ते गुडघ्याचं, मांजराचं?" मी कसंबसं विचारलं.

"ते माझं माझं," आत्याबाई म्हणाल्या. "ते तुला कशाला पाठवू?"

मला हसू आलं आणि त्यातच डोळे भरले. पुसायला जावं तर हाताला चिंच. त्यांनी आपल्या पदरानं माझे डोळे पुसले आणि जरा वेळानं, अगदी सहज सांगावं तसं म्हणाल्या, "तू एकदा विचारलं होतंस. सासूला तोंड नसतं का म्हणून."

"आत्याबाई, ते मी रागात..."

"असू दे. बरोबर विचारलंस. त्याचं उत्तर मला द्यायचं राहिलंय." आणि पुढची कळशी ओढून घेऊन त्या घासायला लागल्या.

मुलाखत परवावर आली होती. त्या संध्याकाळी मामा आणि सुहास जेवायला बसले. मी वाढत होते, आत्याबाई चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढेच, पण आमच्याकडे अजून चूलच म्हणतात. मामांच्या पानात भाकरी टाकून त्या तिथंच उभ्या राहिल्या. एरवी त्या टाकून वळायच्या. मामांनी वर बघितलं.

"ऋतुजा परवा तळेगावला जाणार आहे," आत्याबाई म्हणाल्या. "नोकरीचं बोलावणं आलंय."

सुहासचा घास हातातच राहिला. मामांनी माझ्याकडे, मग सुहासकडे बघितलं, भाकरी मोडली आणि म्हणाले, "बघू."

"तुम्ही मागच्या वर्षापासून बघताय. आता ती जाऊन बघून येऊ दे."

मामांनी भाकरीचा तुकडा पानात ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "आणि पोराचं काय?"

"पोर माझ्याजवळ राहील."

"तुझे गुडघे?"

"गुडघ्याचं मी विचारून घेतलंय."

"कुणाला?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मामांना ते लागलं असावं. म्हणाले, एवढं सगळं ठरलं आणि मला कुणी विचारलं नाही.

"या घरात आल्यापासून मी तरी कुणाला काय विचारलं?" आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. आता सवय लागलीय. म्हणून तुम्हाला पण विचारते. तिला कशासाठी थांबवायचं, तेवढं सांगा. पटलं तर मीच तिला अडवते."

मामा विचारात पडले. खरोखरच पडले. इतके दिवस ज्या प्रश्नाला त्यांनी बघू म्हणून बाजूला सारलं होतं, त्याचं उत्तर ते प्रामाणिकपणे शोधत होते आणि त्यांना ते सापडत नव्हतं. शेवटी त्यांनी वाटी पुढे केली आणि आमटी मागितली. मी वाढली. सुहास मला हळूच म्हणाला, पहाटे मिरजेपर्यंत मी सोडतो.

मला ती नोकरी मिळाली.

जायच्या आधी मी आत्याबाईंना समोर बसवून एकाच खात्याची सगळी हकिगत सांगितली. त्या लाजल्या. म्हणाल्या, म्हणजे तू मला काही पाठवत नव्हतीस? मी म्हटलं, नव्हते, पण पोचत होतं ना. मग मी त्यांना ते विसराळू यंत्र दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे विचारलेलं त्याच्या पोटातच राहतं?"

"पोटातसुद्धा राहत नाही."

"मग ते मला घालून दे. मला पण चार गोष्टी विचारायच्या आहेत. पण हे जुनं काढू नको." मी म्हटलं, ते राहिलं तर माझं तुम्हाला दिसेल आणि तुमचं मला. त्या म्हणाल्या, "मग काय? तू तिकडं जाणार. दिसू दे की."

तेव्हापासून त्यांच्या फोनात दोन चौकटी होत्या. विसराळू चौकटीत त्यांनी काय काय विचारलं ते मला आजतागायत माहीत नाही, आणि ते तसंच बरं आहे. जुनी चौकट आमच्या दोघींची. तळेगावच्या खोलीवर संध्याकाळी मी मुद्दाम तिथं विचारायची, 'कटाची आमटी पातळ झाली तर काय करावं'. यंत्र कुठल्या कुठल्या बायकांचे व्हिडिओ दाखवी, त्यातलं मी काही बघत नसे. घटकाभरात फोन वाजे आणि पलीकडून सरळ सुरुवात होई, "थोडं पुरण घाल त्यात." कधी त्यांच्याकडून येई, 'ओजस आज शाळेत रडला नाही'. हे फोनला सांगण्यात काय अर्थ? पण मी बाटल्यांच्या खोलीतून बाहेर आले की आधी ते बघायची. तिथं दिवसभर मी रोपांचे तुकडे एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत हलवत असे, आणि दर वेळी वाटे की हे जगतंय की नाही. जगायचं. बहुतेक सगळं जगलं.

दोन वर्षांनी सुहासला तळेगावच्या एका शाळेत जागा मिळाली. ओजस आणि तो आले. कुरुंदवाडात मामा आणि आत्याबाई दोघंच उरले. आम्ही बोलावलं तर मामा म्हणायचे दुकान आहे, आणि आत्याबाई म्हणायच्या त्यांचं दुकान आहे.

आत्याबाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. झोपेतच गेल्या, कुणाला काही न विचारता. दिवसकार्य झाल्यावर आम्ही मामांना बरोबर चला म्हणून खूप विनवलं. आले नाहीत. दुपारचा डबा शेजारून येतो, रात्री मी दूधभाकरी खातो, माझं काही अडत नाही, असं ते फोनवर दर वेळी सांगायचे. जास्त विचारलं की दुकानात गिऱ्हाईक आल्याचं सांगून फोन ठेवायचे.

मी त्या जुन्या चौकटीकडे फिरकतही नव्हते. तिथं बोट टेकवलं की आत्याबाईंचं शेवटचं विचारणं वर येणार हे मला माहीत होतं, आणि तेवढा धीर नव्हता. माझं सगळं आता त्या विसराळू यंत्रावरच चालतं. परवा प्रयोगशाळेतून येताना काहीतरी घाईनं शोधायला गेले आणि चुकून जुनीच चौकट उघडली.

सगळ्यात वर लिहिलं होतं: 'एका माणसाला भात किती टाकायचा.'

त्याच्या खाली: 'कुकरला शिट्ट्या किती.' आणि त्याच्याही खाली: 'भात खाली लागला तर.'

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. आत्याबाईंचा फोन मामांकडे असतो हे मला ठाऊक होतं. पण त्यात ते कधी बोलत असतील असं मनातही आलं नव्हतं. त्या मोठ्या घरात, भांड्यांनी भरलेल्या दुकानाच्या वर, हा माणूस कुकरपुढे उभा राहून यंत्राला हळू आवाजात विचारत होता. मला रडू आवरेना. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

मी फोन लावला. मामांनी उचलला.

"मामा, एका माणसाला अर्धी वाटी तांदूळ पुरतो," मी म्हटलं. "पाणी वाटीभर. आणि शिट्ट्या तीन."

कुणी सांगितलं, कसं कळलं, त्यांनी काहीच विचारलं नाही.

"शनिवारी मात्र चौघांचा टाका. आम्ही येतोय."

मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी म्हणून फोन ठेवतील. ठेवला नाही. म्हणाले, "चौघांना पाणी किती गं?"